माळ्यावरचा मारिओ : पुण्यात जुने व्हिडिओ गेम जमवायचे कसे

जुने व्हिडिओ गेम जमवायची हौस आली की माणूस पहिल्यांदा यूट्यूब उघडतो. तिथे एखादा अमेरिकन गृहस्थ तळघरात भिंतभर निन्टेन्डोचे खोके लावून बसलेला असतो. ते बघून आपणही परदेशातून माल मागवतो, कस्टम भरतो आणि लहानपणी कधी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं असं मशीन घरात आणून ठेवतो. हवंच असेल तर खुशाल घ्या. पण मला विचाराल तर पुण्यातल्या माणसाने पुण्यातल्या घरांत जे होतं तिथून सुरुवात करावी. आणि आपल्या घरांत होता तो बहुतेक नकली माल.

यात लाजण्यासारखं काही नाही. निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम काढला १९८३ साली. तोच १९८५ मध्ये एनईएस या नावाने अमेरिकेत गेला, तेव्हा कंपनीने आत एक कुलपाची चिप बसवली, म्हणजे परवानगीशिवाय बनवलेली कॅसेट चालू नये. मूळ फॅमिकॉमला हे कुलूप नव्हतंच, त्यामुळे त्याची नक्कल करणं सोपं गेलं. नव्वदीत आपल्या टीव्हीसमोर आले ते लिटल मास्टर, टर्मिनेटर आणि धड नावही नसलेले असंख्य डबे. टर्मिनेटर बाहेरून दिसायचा सेगाच्या मेगा ड्राइव्हसारखा आणि पोटात निघायचा फॅमिकॉम! अस्सल जपानी मशीन जपायला जगभर माणसं बसली आहेत. आपले हे डबे मात्र भंगारवाल्याच्या काट्यावर प्लास्टिकच्या भावाने जातात. माझ्या कपाटात म्हणूनच पहिला मान त्यांचा.

कुठे शोधायचं

सगळ्यात चांगलं ठिकाण म्हणजे लोकांचे माळे. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर भागात जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि बिल्डरने घर रिकामं करायची तारीख दिली की तीस-तीस वर्षं न हललेले खोके खाली येतात. दुसरा हंगाम दिवाळीच्या साफसफाईचा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ लिहा : ‘टीव्हीला लावायचा जुना व्हिडिओ गेम, रिमोट, कॅसेट, बंदूक, काहीही. बंद असला तरी चालेल, नेऊ मी.’ तिथे ‘रेट्रो कन्सोल’ लिहिलंत तर ज्यांच्याकडे वस्तू आहे त्यांना ते आपल्यासाठी आहे हेच कळणार नाही. उत्तर बहुधा एखाद्या काकूंचं येतं. वस्तू त्यांच्या मुलाची असते आणि मुलगा असतो सिअॅटलला. अशा वेळी घाई करू नका. ‘आधी त्याला फोटो पाठवून विचारा’ असं आपणच सांगावं. निम्मे मुलगे ‘देऊन टाक’ म्हणतात. उरलेल्यांना अचानक भरून येतं, आणि मग ती वस्तू घेण्यात अर्थ नसतो.

दुसरं ठिकाण जुना बाजार. मंगळवार पेठेजवळ रविवारी आणि बुधवारी भरतो. सकाळी लवकर जावं. ताडपत्रीवर अडॅप्टर, रिमोट, मिक्सरची भांडी, कुलपं असा सगळा ढीग एकत्र असतो आणि कॅसेट नेहमी ढिगाच्या तळाशी सापडते. हवी ती वस्तू पहिल्यांदा उचलू नये, एवढं तर मंडईत जाणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. मी आधी अडॅप्टरचा भाव विचारते, मग एखाद्या मोडक्या रिमोटचा, आणि जाता जाता ‘हा डबा काय करतोय?’ म्हणते.

तिथे प्लग पॉइंट नसतो. विक्रेता ‘चालू आहे ताई’ म्हणतो. तो खोटं बोलत असतो असं नाही, त्यालाही माहीत नसतं. त्यामुळे तपासायचं सामान आपलं आपण न्यावं. गाडी मागे घेताना बघायचा छोटा पडदा असतो ना, रिव्हर्स कॅमेऱ्याचा, तो या कामाला झकास. त्याला पिवळी एव्ही वायर सरळ बसते आणि तो १२ व्होल्टवर चालतो, म्हणजे आठ पेन्सिल सेलचा होल्डर पुरे. मशीनसाठी सहा सेलचा वेगळा होल्डर, झाले ९ व्होल्ट. पिशवीत घरची एक चालू कॅसेट ठेवायची, नाहीतर मशीन बंद आहे की कॅसेट हे कळत नाही. जोडण्याआधी मशीनवरचं चिन्ह बघा. यातल्या बऱ्याच मशीनना पिनच्या आत ऋण आणि बाहेर धन लागतं, पण नकली मालात त्याचा भरवसा नाही, आणि उलटं जोडलं की एखाद्या वेळी तिथल्या तिथे खेळ खलास. पडद्यावर मेनू आला, दोन्ही रिमोटची सगळी बटणं चालली, की पैसे काढायचे. मेनू नाही आला तरी स्वस्तात मिळालं तर घ्या, रिमोट आणि खोका कामाला येतात.

हाँगकाँग लेनमध्ये किंवा ऑनलाइन नवे ‘रेट्रो’ डबे मिळतात, आत शेकडो गेम भरलेले. खेळायला ते वाईट नाहीत. संग्रहात मी ते धरत नाही.

तपकीर गल्ली

इलेक्ट्रॉनिक सामानाच्या या गल्लीत मशीन मिळत नाही, मशीन जिवंत ठेवायचं सामान मिळतं : अडॅप्टर, एव्ही वायरी, कपॅसिटर, ७८०५ नंबरचा रेग्युलेटर, सेलचे होल्डर. गर्दीच्या वेळी दुकानदाराला आपल्या बालपणीच्या आठवणी ऐकायला सवड नसते. तिथलं बोलणं साधारण असं होतं :

‘काय?’

‘अडॅप्टर. नऊ व्होल्ट, डीसी.’

‘अँपिअर?’

‘एक.’

‘पिन?’

इथे बरेच जण अडकतात. जुना अडॅप्टर किंवा निदान मशीनच्या भोकाचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवा. अँपिअर थोडे जास्त असले तर बिघडत नाही, मशीन लागेल तेवढेच ओढतं. व्होल्ट मात्र बरोबर हवेत. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोलही याच भागात मागा, ९९ टक्क्यांचं. तिथे सगळे त्याला आयपीए म्हणतात.

घरात घेण्याआधी

माळ्यावरून आलेलं मशीन थेट दिवाणखान्यात नेऊ नका. हलवून बघा. आत खुळखुळ वाजलं तर सुटलेला स्क्रू असेल, नाहीतर झुरळांची अंडी. ह्या डब्यांच्या खालच्या बाजूला हवेसाठी फटी असतात आणि माळ्यावर झुरळांना त्याहून चांगली जागा मिळणं कठीण. आमच्याकडे नियम आहे : आलेली वस्तू आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून गॅलरीत, मग तिथेच वर्तमानपत्रावर उघडून ब्रशने साफ, आणि त्यानंतर उंबऱ्याच्या आत. हा नियम सासूबाईंनी केला आहे, आणि संग्रह आजवर घरात टिकला आहे तो त्यामुळेच.

डबा साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो. आत हिरव्या बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा गोल थेंब दिसेल. त्याखाली सगळं मशीन असतं, आणि तो थेंब गेला तर दुरुस्ती नाही, बोर्ड फक्त सुट्या भागांसाठी ठेवायचा. पण बहुतेक वेळा गेलेलं असतं ते काहीतरी फुटकळ : अडॅप्टरच्या जॅकचा सोल्डर सुटलेला, पॉवरचं बटण गंजलेलं, रिमोटची वायर बुडाशी तुटलेली. मल्टिमीटर आणि साधी सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर निम्मे मुडदे उठून बसतात.

आता कॅसेट. फुंकर मारायची नाही. आपण सगळ्यांनी मारली आणि गेम चालूही झाला, कबूल, पण तो चालू व्हायचा कॅसेट काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीबरोबर तोंडातली वाफ जाते आणि पुढे पिनांवर गंज चढतो. खरी रीत अशी : कानात घालायच्या कापसाच्या काडीचं टोक आयपीएत किंचित ओलं करायचं आणि पिनांवरून वरून खाली, एकाच दिशेने न्यायचं. फॅमिकॉमच्या पद्धतीच्या कॅसेटला ६० पिना असतात, ३० पुढे आणि ३० मागे, आणि लोक मागची बाजू विसरतात. पहिली काडी काळीकुट्ट येते, दुसरी करडी. काडी पांढरी येईपर्यंत चालू ठेवा. डाग हटत नसेल तर चित्रकलेचा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा नीट झटका. पॉलिश पेपर, सुरी, रॉकेल यातलं काहीही जवळ आणू नका, पिनांवरचा पातळ मुलामा एकदा गेला की गेला. मशीनची खाच साफ करायला स्वच्छ कॅसेटच्या पिना आयपीएत ओल्या करून ती दोन-चारदा आत-बाहेर करायची, मशीन बंद ठेवून. नंतर पूर्ण वाळू द्या आणि मगच चालू करा. आयपीए पेट घेतं, त्यामुळे हे काम गॅसजवळ नको. देवघराजवळही नको.

पिवळं पडलेलं प्लास्टिक उजळवायला काही जण पार्लरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम फासून डबा उन्हात ठेवतात. त्याने रंग उतरतो हे खरं. पण ते असमान लागलं तर चट्टे पडतात, आणि पिवळा डबा गेम काही हळू चालवत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

परदेशातून येणारं सामान

न्यू जर्सीचा भाचा ‘मावशी, तुझ्यासाठी एनईएस आणलंय’ म्हणाला तर आनंद मानावा आणि त्याचा अडॅप्टर लगेच कपाटात कुलूपबंद करावा. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, जपानमध्ये १०० ची, आपल्याकडे २३० ची. जुना अडॅप्टर भिंतीत लावला की जळतो आणि कधीकधी मशीनलाही घेऊन जातो. एनईएसला आपल्याकडचा ९ व्होल्टचा अडॅप्टर चालतो. आत ब्रिज रेक्टिफायर असल्यामुळे धन-ऋणाचीही काळजी नाही. जपानी फॅमिकॉमचं मात्र तसं नाही, तिथे पिनच्या आत ऋणच हवं. शिवाय पहिल्या फॅमिकॉमला एव्ही नव्हतंच, फक्त अँटेनाची वायर आणि जपानी चॅनेल. आपल्या टीव्हीवर ते लागत नाहीत. त्यामुळे एव्ही बसवून घेतलेलाच फॅमिकॉम घ्यावा.

अमेरिकी-जपानी मशीनचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, सेकंदाला ६० चित्रांचं. आपल्याकडची टीव्हीची पद्धत पॅल, सेकंदाला ५० ची. नंतरच्या बऱ्याच रंगीत टीव्हींना एव्हीतून दोन्ही चालतं. फक्त पॅल समजणाऱ्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं येतं. सेकंदाला ६० चित्रांसाठी लिहिलेला गेम ५० वर चालवला की सगळंच, संगीतासकट, सहाव्या हिश्श्याने मंदावतं.

टीव्ही फेकू नका

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाठीमागे कुबड असलेला टीव्ही. आज तो कुणाला नकोय, त्यामुळे फुकट मिळतो. रिक्षेत कसा घालायचा एवढाच प्रश्न. वीस-एकवीस इंची पुरे. एव्हीचं भोक पुढे असेल तर उत्तम, दर वेळी टीव्ही भिंतीपासून ओढावा लागत नाही. नव्या पडद्यांवर जुना गेम फिकट दिसतो हे एक. दुसरं म्हणजे चित्र मोठं करण्यात पडदा थोडा वेळ खातो. बटण दाबल्यावर मारिओ किंचित उशिरा उडतो आणि खड्ड्यात जातो.

बंदुकीचा गेम तर नव्या टीव्हीवर चालतच नाही. डक हंटची बंदूक गोळी सोडत नाही, ती प्रकाश बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि मग बरोबर त्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडलं. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात, म्हणजे कुठलं बदक ते कळतं. जुन्या टीव्हीवर हा उजेड ठरल्या वेळी येतो, नव्यावर उशिरा, आणि मग कितीही नेम धरा, गेममधलं कुत्रं आपल्यालाच हसतं. लहानपणी बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवून मारणाऱ्यांना आता कारण कळलं असेल.

त्या टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. आत हजारो व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. जुना टीव्ही मेकॅनिक गाठा. पेठांमध्ये अजून आहेत, आणि असं काम आलं की खूशही होतात.

बाकीचं थोडक्यात

प्लेस्टेशनच्या डिस्क आपल्याकडे बहुतेक कॉपी केलेल्याच फिरायच्या. पहिल्या प्लेस्टेशनची अस्सल डिस्क खालून काळी असते. प्लेस्टेशन टूची सीडी असेल तर निळी, डीव्हीडी असेल तर चंदेरी. चंदेरी अस्सलही असते आणि नकलीही, तिथे छपाई बघावी. गेम बॉयच्या कॅसेटमध्ये खोटा माल भरपूर आहे. गेम बॉय अॅडव्हान्सच्या अस्सल कॅसेटच्या लेबलवर दोन आकडे दाबून उमटवलेले असतात, उजेडात तिरकी धरून बघा. ज्या जुन्या कॅसेटमध्ये खेळ सेव्ह होतो, त्यात बहुधा एक छोटी गोल बॅटरी असते. ती बदलली की सेव्ह पुसला जातो. तसं मालकाला आधी सांगा, कुणाकुणाचा त्यात जीव असतो.

व्हिडिओ गेम पार्लरमधलं मोठं मशीन घ्यावं का, असं मला बरेचदा विचारतात. सगळ्यांना ‘मुस्तफा’ हवा असतो, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव आपल्याकडे अख्ख्या गेमला पडलं. पार्लरमध्ये मुलींनी जायची पद्धत नव्हती, मी भावाच्या मागे दारात उभी राहून तो पाहिला आहे. मलाही हवा आहे. पण त्याच्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असते आणि ती संपली की आवाजाच्या प्रोसेसरची गुप्त किल्ली पुसली जाऊन बोर्ड निकामी होतो. त्यातून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ते कपाटाएवढं धूड. तळमजल्यावर स्वतःची जागा असेल तरच विचार करा.

पावसाळ्यात सगळं माळ्यावरून खाली, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. ब्रिक गेम असो की गेम बॉय, खेळून झालं की सेल बाहेर. पाझरलेल्या सेलने जेवढी मशीन मारली आहेत तेवढी पोरांच्या आदळआपटीने मारली नसतील.

वही

माझ्याकडे प्रत्येक वस्तूसाठी वहीचं एक पान आहे : कुणाकडून आली, कुठल्या पेठेतून, किती दिले, काय बिघडलं होतं, काय बदललं. नकली मालावर ना कारखान्याचं नाव असतं ना साल, त्यामुळे वॉरंटी कार्डावरचा दुकानाचा शिक्का हाच एकमेव पुरावा. तो जपा. कॅसेटवर पेनाने लिहिलेलं नाव आणि तुकडी अजिबात पुसू नका. लेबलवर चित्र एका गेमचं आणि आत भलताच गेम हे तर सर्रास, म्हणून आत खरोखर काय आहे ते खेळून वहीत लिहा. ‘९९९९९९ इन वन’मध्ये मोजायला बसलात तर मोजकेच गेम निघतात, बाकी तोच मारिओ वेगवेगळ्या स्टेजपासून. ही यादी करायला वेळ लागतो, पण कुठल्या कॅसेटमध्ये काय होतं हे दुसरं कोण लिहून ठेवणार?

आणि खेळा

काचेच्या कपाटात ठेवून नुसतं दाखवायचं असेल तर चांदीची भांडी घ्यावीत. आमच्याकडे रविवारी टीव्ही चालू असतो आणि जो येईल तो खेळतो. जुने गेम सगळे सोन्यासारखे होते असं मी म्हणणार नाही, पुष्कळ भिकार होते आणि मुद्दाम अवघड केलेले. पण सुपर मारिओचा अख्खा गेम ४० किलोबाइटचा. आज सकाळी व्हॉट्सअॅपवर आलेला सुप्रभातचा फोटो त्याहून मोठा असतो. तेवढ्यात बसवायचं म्हणून प्रत्येक उडीचा विचार झालेला दिसतो. आणि डबा बंद केला की तो बंद. ‘तुम्ही तीन दिवस आला नाहीत’ असा निरोप लिटल मास्टरने मला कधी पाठवलेला नाही.

नव्या माणसाला मारिओ देऊ नका, तो एकटा खेळत बसतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. बॅटल सिटी लावा, आपण ज्याला ‘टँक’ म्हणायचो तो. नाम्कोचा, १९८५ चा, ३५ स्टेजचा. दोघांनी मिळून विटांच्या आतला गरुड राखायचा असतो. गंमत अशी की जोडीदाराची गोळी आपल्याला लागली तर आपला टँक काही क्षण जागच्या जागी गोठतो, आणि गरुड आपल्याच गोळीनेही फुटतो. त्यामुळे शत्रू बाजूला राहतात आणि सोफ्यावर भांडण पेटतं. माझ्या भाचरांना पहिल्यांदा ‘सेव्ह कुठे होतं?’ हा प्रश्न पडला. होत नाही म्हटल्यावर त्यांनी जरा वेळ शोकसभा घेतली, आणि मग पुढचा डाव लावला. कॉन्ट्रा लावलात तर वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए हा बटणांचा क्रम आधीच शिकवून ठेवा. तीनच्या जागी तीस लाइफ मिळतात, आणि पाहुण्यांना तेवढ्या लागतातच.

दुसऱ्या रिमोटवर रंगीत टेप लावून ठेवा, म्हणजे ‘मी कुठला?’ हा वाद टळतो. आणि खेळ संपल्यावर आधी पॉवर बंद, मगच कॅसेट ओढायची, हे पोरांना दर रविवारी नव्याने सांगायची तयारी ठेवा.